भोपळ्याची कळी का गळते?

वेल मांडवभर पसरली, पिवळीधमक फुले आली, फुलामागे बोराएवढी कळीही दिसली, आणि चार दिवसांत ती पिवळी पडून गळाली. श्रावण-भाद्रपदात नांदेड-लातूर भागात काम करणारे कृषी सहाय्यक, कृषी सखी आणि कृषी सेवा केंद्रचालक यांच्यापुढे ही तक्रार हटकून येते. तिच्यावरची उत्तरेही ठरून गेली आहेत: एखादे टॉनिक फवारा, थोडा युरिया द्या, नाहीतर कीटकनाशकाचा एक हात मारा. परसबागेच्या बाबतीत ही तिन्ही उत्तरे बहुतेक वेळा चुकतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. घराजवळच्या दोन-चार वेलींची कळी गळते ती प्रामुख्याने परागीभवन न झाल्यामुळे. ते झाले की नाही हे आपण तपासत नाही, कारण आपण वेलीजवळ पोचतो तोवर फूल मिटलेले असते.

लाल भोपळ्याचे, म्हणजे काशीफळाचे, फूल दिवस उजाडता उजाडता उमलते आणि नऊ-दहाच्या सुमारास कोमेजू लागते. पुन्हा ते उघडत नाही. मादी फुलाच्या आयुष्यातली कामाची वेळ एवढीच. आपल्या गावभेटी अकरानंतरच्या. त्या वेळी दिसते ते मिटलेले फूल, मऊ पडलेली पाने आणि काळजीत पडलेली गृहिणी. त्यावरून निदान होते 'अन्नद्रव्याची कमतरता'.

एकदा सकाळी साडेसहाला वेलीपाशी बसून पाहावे. नर फूल लांब, बारीक देठावर उभे असते, आत पुंकेसरांचा एकच जाडसर दांडा आणि त्यावर चिकट, पिवळा पराग. बोट लावले तर बोटाला येतो. मादी फूल आखूड देठाचे, पाकळ्यांखाली इवलासा भोपळा घेऊनच आलेले, आणि आत तीन भागांची जाड, ओलसर कुक्षी. पराग इतका जड आणि चिकट की वाऱ्याने उडत नाही. तो कोणीतरी उचलून नेऊनच ठेवावा लागतो. फळात जितक्या बिया भरायच्या तितके परागकण रुजावे लागतात आणि मोठ्या भोपळ्यात बिया शेकड्यांनी असतात. म्हणून मधमाशी एकदा येऊन गेली एवढ्याने भागत नाही. कलिंगडावरच्या जुन्या अभ्यासात चांगल्या फळासाठी एका फुलाला मधमाशीच्या आठेक भेटी लागतात असे दिसले होते. भेटी कमी पडल्या तर फळ धरते, पण टोकाकडे निमुळते किंवा एका बाजूने वाकडे होते.

सगळ्या वेलवर्गाचे वेळापत्रक एक नाही, हेही प्रशिक्षणात सांगायचे राहून जाते. कारले सकाळचे. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि त्याच्यावर रात्रीचे पतंग येतात. दोडकाही दिवस कलल्यावर फुलतो. किनवटच्या जंगलपट्ट्यातले कर्टुले तर आणखी वेगळे: त्याची नर वेल निराळी आणि मादी वेल निराळी. हौसेने कंद आणून लावले आणि सगळे मादीच निघाले, तर दर आठ-दहा वेलींमागे एक नर वेल लावल्याशिवाय काही उपाय नाही.

निदान करताना तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. फूल मिटल्यावर कळी वाढलीच नाही, टोकाकडून पिवळी पडून सुकली, तर परागीभवन झालेले नाही. कळी थोडी वाढली, मग तिच्यावर टोचल्याची खूण आणि डिंकासारखा थेंब दिसला, कापल्यावर आत अळ्या निघाल्या, तर ती फळमाशी. तिथे क्यूल्युअरचे गंधसापळे लावावेत आणि किडकी फळे गोळा करून खोल पुरावीत. वेलीवर आधीच दोन-तीन फळे पोसत असतील आणि नव्या कळ्या गळत असतील, तर वेल स्वतःच ओझे कमी करते आहे. तिला तसे करू द्यावे. सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे नुसती नर फुले येणे हेही नैसर्गिकच. नत्र जास्त झाले किंवा उन्हाळ्यात दिवस लांबले आणि तापले की नर फुलांचे प्रमाण वाढते, आणि पारा पस्तिशीपुढे गेला की परागही दुबळा होतो. दोन आणि चार पानांवर इथ्रेल हे वाढनियंत्रक फवारून मादी फुले वाढवता येतात हे खरे. पण मधमाशीच येत नसेल तर त्यामुळे गळणाऱ्या कळ्या तेवढ्या वाढतील.

मधमाशी का येत नाही, हा खरा प्रश्न. भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. तिकडे फक्त भोपळवर्गाच्याच परागावर जगणाऱ्या एकांड्या माश्या आहेत. जमिनीत घर करतात, सूर्य उगवण्याआधी फुलावर हजर होतात, आणि त्यांतले नर दुपारी मिटलेल्या फुलातच झोपतात. वेल समुद्र ओलांडून आपल्याकडे आली, ती माशी आली नाही. आपल्याकडे हे काम सातेरी, फुलोरी, आग्या आणि डंख नसलेल्या छोट्या माश्या करतात. त्या केवळ भोपळ्यावर जगत नाहीत. त्यांना वर्षाचे बाराही महिने काहीतरी फुललेले लागते.

आणि इथेच मराठवाड्याचा पीकपालट आड येतो. लातूर भागात एकेकाळी सूर्यफुलाचे मोठे क्षेत्र होते, रब्बीत करडई होती. दोन्ही पिके माशीला भरभरून देणारी. त्यांची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीन स्वतःच्याच परागावर शेंगा धरते, त्याला माशीची गरज नाही, म्हणून फुलोऱ्यातल्या फवारणीचा विचारही कोणी माशीच्या अंगाने करत नाही. जूनमध्ये लावलेला भोपळा आणि सोयाबीन साधारण एकाच सुमारास, जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये फुलतात. त्याच दिवसांत शेजारच्या शेतात थायमेथोक्झाम आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रीनची फवारणी सकाळच्या गार वेळी सुरू असते. ज्या तासात भोपळा उघडा, त्याच तासात विष हवेत. युरोपीय संघाने थायमेथोक्झामसह तीन निओनिकोटिनॉइडांवर उघड्या शेतात वापरण्यास २०१८ मध्ये बंदी घातली, ती मधमाश्यांसाठीच. आपल्याकडे निदान फवारणीची वेळ सायंकाळवर नेणे कोणाच्याही हातात आहे, आणि त्याला जास्तीचा खर्चही नाही.

तोवर हाताने परागीभवन. यात नवे काही शिकवायचे नाही. सूर्यफुलात दाणे पोकळ राहू नयेत म्हणून सकाळी हाताला तलम कापड गुंडाळून फुलांवरून फिरवण्याची शिफारस इथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे पाळली. लातूर जिल्ह्यातल्या साठीच्या पुढच्या शेतकऱ्याला विचारा, तो आजही ते करून दाखवेल. परसबागेत काम त्याहून सोपे आहे. त्याच सकाळी उमललेले नर फूल देठासह तोडायचे, पाकळ्या मागे सोलायच्या आणि दांडा मादी फुलाच्या तिन्ही कुक्षींवर हलकेच फिरवायचा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुले होतात. रात्री पाऊस पडून फुलात पाणी साचण्याची शक्यता असेल तर आदल्या संध्याकाळी नर कळी आणि मादी कळी, दोन्ही कागदाने झाकून ठेवाव्यात. दुधी-दोडक्याचे हेच काम दिवेलागणीला.

देगलूर, धर्माबाद, किनवटकडे बतुकम्मा या फुलांच्या सणासाठी भोपळ्याची फुले तोडली जातात, त्यांची भजीही होतात. तोडायला हरकत नाही, पण फुलामागे कळी नसलेलीच तोडावीत आणि वेलीमागे रोज दोन-तीन नर फुले राखावीत. शहरातल्या गच्चीवर अडचण वेगळी असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे भाजी धुतलेल्या पाण्यावर एकच झुकिनी कुंडीत वाढवणाऱ्याला आम्ही एवढेच सांगू की कुंड्या तीन करा आणि आठ-दहा दिवसांच्या अंतराने बी लावा. एकाच झाडावर नर आणि मादी फूल एकाच सकाळी उघडेल याची खात्री नसते.

सगरोळीचे कृषी विज्ञान केंद्र, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, उमेद अभियानाचे बचत गट, शाळांच्या परसबागा, सगळ्यांना आमची एकच विनंती आहे. वेलवर्गाचे प्रात्यक्षिक सकाळी साडेसहाला ठेवा, दुधी-दोडक्याचे संध्याकाळी. आणि वाचकांनी या हंगामात एक मोजणी करावी. एकाच वेलीवरच्या काही मादी फुलांना हाताने पराग लावून देठाला लाल दोरा बांधावा, तेवढीच फुले तशीच सोडून पांढरा दोरा बांधावा. आठवड्याने कोणत्या दोऱ्याच्या किती कळ्या फुगल्या ते मोजून, गावाचे नाव, तारीख आणि शेजारच्या शेतात फवारणी कधी झाली ते लिहून आमच्याकडे पाठवावे. आलेले सगळे आकडे तालुकावार छापू.