सैनिकांचा जमाखर्च

परवा नातवाशेजारी बसून ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा १९९३ सालचा संगणकावरचा खेळ पाहिला. अंतराळात राज्य वाढवायचं. शत्रूचा ग्रह जिंकायचा, तर आपल्याच ग्रहावरची माणसं यानात बसवून लढायला धाडावी लागतात. जितकी धाडाल तितकी तिथली लोकसंख्या घटते. मागे कारखाने चालवायला हात कमी पडतात. उभा जन्म बँकेत काढलेल्या मला ही नोंद लगेच पटली. इकडे नावे टाकल्याशिवाय तिकडे जमा कसं होणार?

१९९६ च्या दुसऱ्या भागात मात्र सैनिकांनी भरलेली जहाजं कारखान्यातूनच बाहेर पडतात. लोकसंख्येला धक्का नाही. नातू खूश. “आजोबा, पलटणी पटापट उभ्या राहतात!”

राहतात खऱ्या. पण सैनिक कारखान्यात घडत नाही. तो कुठल्यातरी घरातून उठून जातो. खेळ रचणाऱ्यांनी भरतीचा खर्च माणसांच्याच खात्यावर लिहावा. पहिल्या खेळात हल्ल्याआधी नातू क्षणभर थांबला होता. तेवढं थांबणं अंगवळणी पडलं, तरी खेळ सार्थकी लागला म्हणेन.