कडू म्हणजे कडक नव्हे

'दारू घेता का?' असे डॉक्टरांनी विचारले की 'छे, फक्त कधीतरी बिअर' हे उत्तर सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमी ऐकू येते. केसपेपरवर अनेकदा 'मद्यपान नाही' अशी नोंद होते आणि पुढचा रुग्ण आत येतो. या 'फक्त'मध्ये नेमके किती मद्य दडलेले असते, हे समजून घ्यायला इंग्लंडमधली 'बिटर' नावाची बिअर आणि ती चाखून गुण देणाऱ्यांची पद्धत उपयोगी पडते.

बिटर ही तिथल्या पबमधली जुनी, रोजची एल. मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट, पाणी, यीस्ट आणि हॉप्स या वेलीची फुले, एवढाच तिचा मुख्य शिधा. पारंपरिक पद्धतीत पिंपात भरल्यावरही यीस्टचे काम चालू राहते आणि बिअर हातपंपाने ग्लासात ओढली जाते. तापमान असते ११ ते १३ अंश सेल्सिअस. आपल्याकडे बिअर बर्फासारखी थंड लागते. पण थंडीने जीभ बधिर होते आणि चवीतले दोष झाकले जातात. बिटरला ही सवलत नाही. पिंपातली ही बिअर नामशेष होऊ नये म्हणून ब्रिटनमध्ये १९७१ साली ग्राहकांनी 'कॅम्पेन फॉर रिअल एल' ही चळवळ उभी केली. तिच्या सर्वोत्तम बिअरच्या स्पर्धेत 'लँडलॉर्ड' ही यॉर्कशायरची एल चार वेळा पहिली आली. तिच्यातले मद्य अवघे ४.३ टक्के!

गुण कसे देतात? 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम' या परीक्षकांच्या अमेरिकी संस्थेची गुणपत्रिका ५० गुणांची असते. सुगंधाला १२, रंगरूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. परीक्षक आधी वास घेतो, मग ग्लास उजेडात धरतो, मग छोटा घोट घेतो. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात. बिअरचे साधारणपणे गिळतात, कारण कडूपणा गिळल्यानंतरही रेंगाळतो. दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी आणि बेचव पाव. घाई नाही, ग्लास संपवण्याची सक्तीही नाही.

कडूपणाचे विज्ञानही मजेचे आहे. हॉप्समधली आम्ले उकळताना रूप बदलतात आणि त्यांतून बिटरचा कडूपणा येतो. तो 'आयबीयू' या एककात मोजतात; एक एकक म्हणजे लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम कडू आम्ल. नेहमीच्या बिटरमध्ये ही एकके २५ ते ४० असतात. माणसाच्या शरीरात कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राही आहेत. अनेक वनस्पतिजन्य विषे कडू असतात, म्हणून ही निसर्गाने बसवलेली धोक्याची घंटा मानली जाते. लहान मूल कारले थुंकते ते यामुळेच. पुढे सवयीने कारले, मेथी आवडू लागते आणि पाडव्याला कडुलिंबही जिभेवर ठेवला जातो. सर्वांच्या जिभा मात्र सारख्या नसतात. १९३१ साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्स यांना काहीच चव लागली नाही. हा फरक मुख्यतः आनुवंशिक निघाला. तेव्हा एकाने दिलेले ४० गुण दुसऱ्याच्या जिभेला पटतीलच असे नाही.

पण खरा मुद्दा पुढे आहे. कडू लागते ती बिअर कडक, असा सर्रास समज आहे. कडूपणा हॉप्समधून येतो आणि मद्य माल्टमधल्या साखरेतून. दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही. साधी बिटर कडू असूनही ३.२ ते ३.८ टक्क्यांची असते. उलट आपल्या बाजारात ज्यांचा मोठा खप आहे, त्या 'स्ट्राँग' बिअर चवीला बहुधा गोडसर असतात आणि त्यांचे मद्य ८ टक्क्यांपर्यंत जाते.

आता हिशेब करू. ४ टक्क्यांच्या बिटरचा एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. त्यात शुद्ध मद्य सुमारे २३ मिलिलिटर. ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ते ५२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ३० मिलिलिटरचे चार पेग घेतले तरी तेवढेच मद्य पोटात जाते. 'फक्त एक बिअर' म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात चार पेग घेतलेले असतात. यकृत तासाला साधारण आठ ते दहा ग्रॅम मद्य निकाली काढते. म्हणजे ही एक बाटली उतरायला चार-पाच तास लागतात. तासाभरात दुचाकीला किक मारणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

याचा अर्थ बिटर आरोग्यदायी, असा मुळीच नाही. मद्य हे मद्यच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्ययुक्त पेयांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. सौम्य बिअरचा सापळाही वेगळाच: मित्रांच्या फेऱ्या सुरू झाल्या की चार पाइंट कधी संपले ते कळत नाही, आणि ते शुद्ध मद्य होते ९० मिलिलिटर. ब्रिटनच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्याची कमाल मर्यादा १४ युनिट, म्हणजे १४० मिलिलिटर शुद्ध मद्य आहे. आपल्या तीन 'स्ट्राँग' बाटल्यांत ती ओलांडली जाते. ज्याचे यकृत सुजलेले आहे, ज्याला व्यसनाचा इतिहास आहे, जी स्त्री गरोदर आहे, त्यांच्यासाठी मर्यादा शून्यच.

तरीही बिटरकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पेयाचा दर्जा त्याच्या चवीवर ठरतो, नशेवर नव्हे. धोरणानेही त्याला हातभार लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनमध्ये ३.५ टक्क्यांखालच्या पेयांना कमी कर आहे. त्यानंतर अनेक कंपन्यांनी आपली बिअर ३.४ टक्क्यांवर आणली. आपल्याकडेही मद्यावरचा कर शुद्ध मद्याच्या प्रमाणात हवा. बाटलीवर आत किती मिलिलिटर मद्य आहे, हे मोठ्या अक्षरांत आणि मराठीतही हवे. पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरींच्या फळ्यावर कडूपणाच्या आकड्याशेजारी हाही आकडा लिहायला खर्च येत नाही.

तोवर दवाखान्यातला प्रश्न तरी बदलायला हवा. 'दारू घेता का?' याऐवजी 'कोणती, किती टक्क्यांची, किती मिलिलिटर आणि आठवड्यातून किती वेळा?' असे विचारावे. रुग्णानेही 'फक्त' हा शब्द गाळून उत्तर द्यावे. यकृताला बिअर आणि दारू यांतला फरक कळत नाही.