परीक्षा स्मृतीची की शाळेची?

शंभरातून सात वजा करा, उरलेल्यातून पुन्हा सात. आजची तारीख सांगा. कागदावरची आज्ञा वाचून तसे करा. एक वाक्य लिहा. अमेरिकेत १९७५ साली फोल्स्टीन दांपत्य व मॅकह्यू यांनी रचलेल्या तीस गुणांच्या चाचणीतील हे प्रश्न. स्मृतिभ्रंशाची पहिली चाळणी म्हणून ती जगभर रूढ झाली. काही मिनिटांत होणाऱ्या अशा चाचणीची उपयुक्तता कोणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच की, ओतूरच्या शिवारात हयात घालवलेल्या निरक्षर वृद्धेची ती कोणती परीक्षा घेते?

कपर्दिकेश्वराचे श्रावणी सोमवार आणि कांद्याची लागण-काढणी यांवर काळ मोजणाऱ्या बाईला इंग्रजी तारीख आली नाही, तर ढळली ती स्मृती नव्हे. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला दहा वर्षांत मोफत, सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट १९५० साली राज्यांपुढे ठेवले. १९५१ च्या जनगणनेत देशातील स्त्रियांची साक्षरता नऊ टक्केही नव्हती. आज पंचाहत्तरी ओलांडलेली कष्टकरी स्त्री त्या वचनाची हक्कदार होती. वचन मोडले शासनाने आणि गुण कापले जातात तिचे! उलट, शिकलेल्या निवृत्त माणसाची स्मृती ढासळू लागली तरी जुन्या शिक्षणाच्या बळावर तो या चाळणीतून सहज निसटू शकतो.

यावर उपाय नाही असे नाही. हरियाणातील बल्लभगढ भागातील खेड्यांसाठी संशोधकांनी लिहिण्यावाचण्याची अट काढून हिंदी चाचणी रचली; ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. मूळ अमेरिकी चाचणीचे हक्क मात्र २००१ पासून एका कंपनीकडे गेले आणि वापरासाठी पैसे मोजणे आले. म्हाताऱ्याला तीन शब्द आठवतात का, हे विचारण्यालाही बाजाराने किंमत लावली!

म्हणून चाळणीच नको, असे म्हणणेही घातक आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा की, साठीपुढील सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. त्याचे प्रमाण स्त्रियांत व ग्रामीण भागात अधिक आहे. ‘म्हातारचळ’ म्हणून हा आजार झाकला की रोग्याची हेळसांड होते आणि शुश्रूषेचा भार सुनेच्या माथी पडतो. आशा कार्यकर्तीच्या तपासणी-पत्रकात जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का, असा प्रश्न आहे. उत्तर ‘होय’ आले, तर पुढे काय? बहिरेपणा, मोतीबिंदू, नैराश्य, थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही गुण घटतात. चाळणी म्हणजे निदान नव्हे. हे विसरल्यास उद्या तोच कागद दाखवून वृद्धेला ‘भ्रमिष्ट’ ठरवण्याचा आणि सातबाऱ्यावरील तिचा हक्क पुसण्याचा मोह कोणाला होणारच नाही, याची हमी कोण देणार?

तेव्हा मागणी स्पष्ट हवी: निरक्षरांवर पारखलेली, विनामूल्य मराठी चाचणी, घरच्यांची विचारपूस, तालुक्याच्या ठिकाणी ठरल्या वारी तज्ज्ञ डॉक्टर, आणि शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबाला आधार. कार्यकर्त्यांनी ती ग्रामसभेत मांडावी. ज्यांना पाटी-पेन्सिल नाकारली गेली, त्यांच्या म्हातारपणी तरी त्यांना नापास करण्याचा अधिकार कोणालाही नाही.