आपल्या माणसाचा हिशेब

शक्तिपीठ महामार्ग पवनारपासून सुरू होणार म्हटल्यावर वर्धेकरांनी छाती फुगवावी की सातबारा उशाखाली घेऊन झोपावे, हे अजून ठरलेले नाही. ज्या पवनारहून १९५१ साली विनोबा पायी निघाले आणि जमीन मागत देशभर हिंडले, तिथूनच जमीन घेत घेत गोव्याच्या सीमेपर्यंत जाणारा रस्ता निघायचा आहे. विनोबांना नाही म्हणता येत होते. पण या सदरकर्त्याला या आठवड्यात राग आला तो महामार्गाचा नव्हे, एका वाक्याचा. सरकारी कर्जाचा विषय निघाला की चांगले शिकलेसवरलेले, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ चहाची बशी बाजूला सारून म्हणतात, "एवढ्या मोठ्या आकड्यांत आपण काय बोलणार?"

आकडे एकदाचे उरकून टाकू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरच्या कर्जाचा अंदाज होता ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांच्या आसपास. लोकसंख्या तेरा कोटी धरली तर पाळण्यातल्या बाळासकट डोई सत्तर हजारांवर. २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने या महामार्गाच्या भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींना मंजुरी दिली, त्यांपैकी १२,००० कोटी हुडकोकडून कर्जाऊ. खुद्द सरकारच्याच वित्त विभागाने वाढत्या बोज्याबद्दल सावध केल्याचेही तेव्हा छापून आले होते. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा, म्हणजे इथे दारू आहे पण तिच्यावरचा कर नाही. त्यामुळे कर्ज फेडायला आपला तेवढाही हातभार लागत नाही, ही खंत काही रसिकांनी बोलून दाखवली आहे.

आता त्या निवृत्त गृहस्थांकडे वळू. पासबुकात बारा रुपयांचे शुल्क जास्त कापले गेले तर ते शाखा डोक्यावर घेतात. म्हणजे आकड्यांची भीती त्यांना नाही. मात्र गणेश मंडळाचा जमाखर्च मागा म्हटले की ते दोऱ्याची गाठ सोडवत बसल्यासारखा चेहरा करतात. का? तर मंडळाचा अध्यक्ष शेजारीच राहतो. मंडपवाला त्याचा मेहुणा. सकाळ-संध्याकाळ तोंड बघायचे असते. लाख कोटींचे आकडे मोठे म्हणून बोलायचे नाही आणि वर्गणीचे आकडे जवळचे म्हणून बोलायचे नाही. मधला कुठला आकडा बोलण्याजोगा असतो, ते त्यांनी अद्याप सांगितलेले नाही.

रस्त्याकडेचा कामाचा फलक दिसला की गाडी थांबवून तो वाचायचा, ही सदरकर्त्याची खोड वाचकांना जुनीच. घरच्यांनाही जुनी, म्हणून ते आता सोबत येत नाहीत. सिमेंट रस्ता व नाली बांधकाम, योजनेचे नाव, मंजूर रक्कम, कंत्राटदार, काम सुरू केल्याचा दिनांक, पूर्ण केल्याचा दिनांक. नाव आणि योजना ठळक असतात. रकमेची ओळ येते तिथे नेमका पोपडा निघालेला असतो, नाहीतर फलकापुढे रेतीचा ढीग. परवा एका गावात असाच ढिगावर चढून वाचन चालले असताना पारावरच्या म्हाताऱ्याने हटकले. "काय पाहता जी?" रक्कम पाहतो, म्हटल्यावर तो कळवळून म्हणाला, "कायले पाहता? ठेकेदार आपलाच पोरगा हाय. त्याच्या पोटावर कायले पाय देता?"

नाली फुटलेली होती. पाणी त्या म्हाताऱ्याच्याच अंगणात शिरत होते.

हिशेब विचारायच्या सोयीत कायद्याने कमी ठेवलेली नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभेच्या या ठरलेल्या तारखा पोरांनाही पाठ आहेत, कारण त्या दिवशी झेंडा नाहीतर सुट्टी असते. गणपूर्तीला १०० मतदार किंवा १५ टक्के, जे कमी असेल ते पुरते. तेवढेही जमत नाहीत, मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. तेव्हा शहाणी माणसे थेट तहकूब सभेलाच जातात. सह्यांचे रजिस्टर मात्र घरोघर फिरून येते, सही करणारा विचारतो "कशाची?", आणणारा सांगतो "ग्रामसभेची", आणि दोघांचेही समाधान होते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्राने केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच, २००२ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. पण अर्जाच्या तळाशी नाव लिहावे लागते, आणि संध्याकाळपर्यंत ते नाव साऱ्या गावाला कळते.

मोठ्या आकड्यांत बोलणारे लोक विदर्भात झालेच नाहीत, असे नाही. २००९ मध्ये अवघ्या काही महिन्यांत विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. आर्वीकडचा आपला निम्न वर्धा प्रकल्पही त्या वाढीच्या यादीत होता. पुढे नागपूरच्या जनमंच या संस्थेने २०१२ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जनहित याचिका घातली, चौकशा लागल्या, तारखा पडत गेल्या. आणि आपली जिल्हा मध्यवर्ती बँक? रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठी खिडकीपुढे ताटकळले. संचालक कुणी परग्रहावरून आले नव्हते. सगळ्यांच्या घरच्या लग्नांत अक्षता टाकून गेलेले होते.

आपल्या माणसाला हिशेब न विचारण्याच्या या दुखण्याचा माहीतगार माणूस वर्ध्यातच राहून गेला, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे तमिळ ख्रिस्ती, लंडनला तयार झालेले हिशेबतपासनीस, मुंबईत स्वतःची पेढी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास. पुढे खादी चढवून ग्रामोद्योग संघासाठी मगनवाडीत येऊन बसले. १९३८ चे मगन संग्रहालय अजून तिथे उभे आहे. त्याआधी, १९३१ मध्ये, इंग्रजांनी भारताच्या खाती मांडलेले कर्ज तपासायला काँग्रेसने जी समिती नेमली, तिचे निमंत्रक हेच. लढाया अफगाणिस्तानात आणि ब्रह्मदेशात, सत्तावन्नचा उठाव मोडला इंग्रजांनी, कंपनीच्या भागधारकांची भरपाई विलायतेत, आणि बिल भारताच्या शेतकऱ्याला! समितीने एकेक रक्कम काढून हे देणे तुमचे की आमचे, असे विचारले. एवढ्या मोठ्या आकड्यांत हा गृहस्थ बोलला.

तरी ते सोपे म्हणायचे. साहेब काही सोयरा नव्हता. खरी गंमत १९३४ च्या बिहार भूकंपातली. मदतनिधीचा हिशेब चोख राहावा म्हणून जमनालालजी बजाजांनी कुमारप्पांना पाटण्याला बोलावून घेतले. कुमारप्पांनी स्वयंसेवकाच्या जेवणाला दिवसाचे तीन आणे ठरवून दिले. मग दौऱ्यावर आले गांधीजी, सोबत बराच गोतावळा, दूध-फळे, मोटारीचे पेट्रोल. कुमारप्पांनी कळवले की हा खर्च निधीत बसत नाही, तुमचा तुम्ही बघा. मंडळी चरकली. गांधीजींनी कारण विचारले, ऐकले आणि निधीतून काही घ्यायचे नाही असे आपल्या माणसांना बजावले.

त्याच पाटण्याची आणखी एक गोष्ट सांगतात. हिशेब मिळवण्याची घाई चालली होती आणि गांधीजींना भेटायचे आहे असा निरोप आला. आधी वेळ ठरलेली नव्हती. कुमारप्पांनी सांगितले, आता जमणार नाही, आकडे जुळवतोय. नकार महात्म्याला होता. आजच्या ग्रामपंचायतीत हे घडवून बघायची सदरकर्त्याची फार इच्छा आहे, पण साधा पालकमंत्र्यांचा दौरा असला तरी त्या दिवशी कार्यालयाला कुलूप असते आणि रहिवासी दाखला परवा मिळतो.