मराठीवरून रस्त्यावर भांडण, पेपरात मात्र गोष्ट ऑप्शनला

शांती नगर (मीरा रोड) : जुलै २०२५ मध्ये मीरा रोडचं नाव देशभर गाजलं. मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारल्याचा व्हिडिओ गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, ८ जुलैला मराठीसाठी मोर्चा निघाला, धरपकड झाली. त्याआधी २९ जूनला सरकारने पहिलीपासून हिंदी आणणारे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले होते. टीव्हीवर कित्येक दिवस हाच विषय. त्या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र राहून गेला. शांती नगरातलं असो की मुरबाड-शहापूरचं, नववी-दहावीतलं पोर मराठीत स्वतःच्या मनाने एक पानभर गोष्ट लिहू शकतं का?

उत्तर शोधायला लांब जायला नको. घरात दहावीचं पोर असेल तर त्याची मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका काढून बघावी. लेखी पेपर ८० मार्कांचा, त्यात उपयोजित लेखन २४ मार्कांचं. पत्र किंवा सारांश ६ मार्कांना. मग जाहिरात, बातमी आणि कथा यातल्या कुठल्याही दोन, प्रत्येकी ५ मार्क. शेवटी ८ मार्कांचा निबंध. म्हणजे गोष्ट एकदाही न लिहिता पोराला पैकीच्या पैकी मार्क पडू शकतात. जाहिरातीला साचा आहे, बातमीला साचा आहे, दोन्ही पाठ करता येतात. गोष्टीला डोकं चालवावं लागतं, म्हणून ती ऑप्शनला जाते. क्लासवालेही तसंच सांगतात, आणि मार्कांच्या हिशेबाने त्यांचं चुकतही नाही.

बारावीत तर उलटाच प्रकार. युवकभारतीत कथा हा साहित्यप्रकार म्हणून शिकवतात. व. पु. काळे यांची ‘शोध’ आणि प्रतिमा इंगोले यांची ‘गढी’ अशा दोन चांगल्या कथा वाचायला आहेत. पण लिहायला काय? मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख. गोष्टीची वैशिष्ट्यं सांगता आली पाहिजेत, गोष्ट सांगता आली नाही तरी चालतं. पोहण्याची माहिती पाठ, विहिरीत उडी मात्र एकदाही नाही.

जे थोडे विद्यार्थी कथा सोडवतात त्यांचीही गंमत आहे. प्रश्नात मुद्दे दिलेले असतात, नाहीतर अर्धवट गोष्ट पुरी करायची असते. वर शीर्षक द्यायचं, खाली तात्पर्य. एक प्रामाणिक लाकूडतोड्या, एक लोभी सावकार, एक आळशी मुलगा, आणि शेवटी कष्टाचं फळ गोड. शंभर पोरांनी लिहिलं तरी शंभर गोष्टी सारख्या. तात्पर्य आधी ठरलेलं असलं की गोष्टीत काय घडणार हे लिहिणाऱ्यालाही आधीच माहीत असतं. मग तो शोधणार काय?

शहापूर तालुक्याचंच घ्या. भातसा, तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं याच तालुक्यात. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. आठवीतल्या मुलीने ही रांग लहानपणापासून बघितली आहे. कोण नंबरावरून भांडतं, कोण गुपचूप हंडा पुढे सरकवतं, टँकर आला नाही तर शाळा कोणाची बुडते, हे तिला पाठ आहे. आणि वहीत ती लिहिते तहानलेल्या कावळ्याची गोष्ट! शांती नगरातल्या मुलालाही पाणी काय ते कळतं. मीरा-भाईंदरने सूर्या धरणाच्या पाण्याची वर्षानुवर्षं वाट बघितली, सोसायटीत पाणी कधी येणार यावर जिन्यात होणाऱ्या बैठका तो ऐकतो. एकच पाणी, दोन टोकांची दोन पोरं. दोघांनी आपापली गोष्ट लिहून एकमेकांना वाचून दाखवली तर भूगोलाच्या चार तासांपेक्षा जास्त कळेल.

शांती नगरातली अडचण थोडी वेगळी आहे. इथे एका इमारतीत मराठी, गुजराती, हिंदी, मारवाडी घरं शेजारी-शेजारी. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. मग कोरोनात शिकणं मागे पडलं म्हणून २०२३ मध्ये इतर मंडळांच्या काही तुकड्यांना मार्कांऐवजी श्रेणी देण्याची सवलत मिळाली. सक्ती झाली, पण पोराच्या मनात मराठी कुठून शिरणार? लिंग-वचन-विभक्तीच्या तक्त्यातून शिरायची नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला सांगा, तुझ्या दुकानात आलेलं सगळ्यात विचित्र गिऱ्हाईक मराठीत लिही. दोन शब्द गुजराती येतील, येऊ द्यावेत. दमदाटीने जी भाषा येत नाही ती अशी येते.

हे सगळं नवं नाही. शंभर वर्षांपूर्वी साने गुरुजींनी करून दाखवलं आहे. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तिथे मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. ना छापखाना, ना अनुदान. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. रोज रात्री सांगितलेल्या आठवणी असा त्या पुस्तकाचा घाट आहे. त्यात राजा नाही, राक्षस नाही. घरातली भांडी, भावंडं, उधारी, आईचा राग. कोकणातल्या एका गरीब घरातलं रोजचं जगणं पुरेसं ठरलं. (त्या पुस्तकातूनही शाळेत शेवटी तात्पर्यच काढून घेतात, तो भाग वेगळा.)

मग वर्गात करायचं काय? खर्चाचं काम नाही. पहिल्या दिवशी लिहायचंच नाही, सांगायचं. घरी आजी-आजोबांकडून एक खरी घडलेली गोष्ट ऐकून यायची आणि वर्गात बोलून दाखवायची. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनाने सभागृहं भरवली, ती गावाकडच्या बोलण्याच्या जोरावरच. बोलता आलं की दुसऱ्या दिवशी तेच कागदावर. पहिल्या कच्च्या लिखाणावर लाल पेन चालवायचं नाही. मास्तरांनी दोनच प्रश्न विचारायचे: पुढे काय झालं, आणि तुला तिथे काय दिसलं? ‘गाडी आली’ असं लिहिलं तर कुठली गाडी? सहा आसनी, एसटी की वाळूचा डंपर? एवढ्या एका प्रश्नाने गोष्ट जागी होते. शुद्धलेखन तिसऱ्या दिवशी, पक्क्या प्रतीत. त्या प्रती भिंतीवर लावा नाहीतर दोऱ्याने शिवून हस्तलिखित करा. वाचणारा कुणी आहे म्हटल्यावर पोरगं आपणहून ऱ्हस्व-दीर्घ विचारायला येतं.

बोलीचा मुद्दा ठाणे जिल्ह्यात टाळता येत नाही. आगरी, वारली, कातकरी, ठाकरी बोलणारी मुलं शाळेत आली की पहिल्या दिवसापासून ‘असं नाही, तसं म्हण’ ऐकतात आणि मग गप्प बसतात. निवेदन प्रमाण मराठीत शिकवा, पण गोष्टीतल्या म्हातारीच्या तोंडचा ‘इस्तू’ खोडून ‘विस्तव’ करू नका. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलाकडे तर अख्खं पुस्तक असतं. तो परत आला की हजेरीची विचारणा होते, तिकडे काय बघितलंस हे कुणी विचारत नाही.

आता फोनचं. मोबाईलवर ‘प्रामाणिकपणावर गोष्ट लिहून दे’ म्हटलं की अर्ध्या मिनिटात गोष्ट येते, शुद्धलेखनाची चूक नाही, तात्पर्यासकट. ज्या शाळा साच्यातली गोष्ट मागतात त्यांचा गृहपाठ यापुढे फोनच करणार, त्याला इलाज नाही. पण टँकरच्या रांगेत कोण काय बोललं हे फोनला ठाऊक नाही. फोनचा उपयोग करायचाच तर बोलून टाईप करायची सोय मराठीत आहे, आजीची गोष्ट रेकॉर्ड करता येते, आणि बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक फुकट वाचता येतात. १९७१ पासून निघतंय ते. रील बघून झाल्यावर एक अंक उघडायला काही हरकत नाही.

शिक्षकांवर सगळं ढकलूनही भागणार नाही. कागदपत्रांची, सर्वेक्षणांची कामं त्यांच्या मानेवर आहेत, संचमान्यतेच्या निकषांवरून संघटना भांडतायत. शिवाय पाया कच्चा. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत २८ ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत सलग वाचता आला नाही. अशा मुलाला गोष्ट कशी लिहायला सांगणार, असं मास्तर म्हणतात. खरं तर अशा मुलाची सुरुवातच सांगण्यापासून व्हायला पाहिजे. पालघरच्या वाडा तालुक्यात काम करणारी ‘क्वेस्ट’ संस्था ‘गोष्टरंग’ नावाने मुलांच्या पुस्तकातल्या गोष्टी नाटकासारख्या करून आश्रमशाळांत नेते, ती याच विचाराने. आधी गोष्टीची गोडी, मग अक्षर.

या घडीला हा विषय काढायचं कारण आहे. नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्याने यायची आहेत. एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात नववीसाठी २०२७-२८ आणि दहावीसाठी २०२८-२९ असं वेळापत्रक होतं. तो निर्णय हिंदीच्या वादात मागे गेला, पण पुस्तकं बदलणार हे नक्की. कृतिपत्रिकेचा आराखडाही तेव्हा नव्याने ठरेल. कथा ऑप्शनमधून काढून सक्तीची करा, तात्पर्याची अट काढा, आणि वर्षभरात लिहिलेल्या दोन गोष्टींना अंतर्गत २० मधले काही मार्क द्या, एवढी मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर पाठवता येते. समितीत निम्म्याहून जास्त पालकच असतात. बैठकीला जाणारे मात्र चार.