गणवेशातील शेजारी

तालुक्याच्या गावातील पोलीस ठाण्याचे मनुष्यबळ नेहमीच्या दिवसापुरते बेतलेले असते. नित्याच्या तक्रारी, न्यायालयातील खेपा, रात्रीची गस्त, एवढ्यातच ते गुंतून जाते. यात्रा भरली, विसर्जनाची मिरवणूक निघाली, निवडणूक आली किंवा नदीला पूर आला, की तेच बळ तोकडे पडते. अशा वेळी चौकात, पुलावर आणि मतदान केंद्राच्या दाराशी खाकी गणवेशातील आणखी काही माणसे उभी राहतात. त्यांपैकी एखादा कालपर्यंत आपल्याला दुकानात कापड मोजून देत होता, एखादी मागच्या आळीत शिवणकाम करीत होती. हे पोलीस नव्हेत. हे गृहरक्षक, म्हणजे आपल्या बोलण्यातले ‘होमगार्ड’.

या गणवेशातील शेजाऱ्याविषयी आपण घरी फारसे बोलत नाही. बंदोबस्त उठला की तोही विसरला जातो. परंतु सामान्य नागरिकाच्या हाती, थोडा काळ का होईना, राज्याची सत्ता देणे ही लहान गोष्ट नव्हे. ती किती द्यावी, कशासाठी द्यावी आणि कोणाच्या देखरेखीखाली द्यावी, याचा विचार आज करू.

या दलाचा जन्म ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात झाला. तो काळ जातीय दंगलींचा होता. पोलिसांना मदत करण्यासाठी स्वयंसेवी नागरिकांचे दल उभारण्याचे कार्य प्रांताचे तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने झाले, आणि १९४७ साली त्यास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. पुढे १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, ठिकठिकाणची निरनिराळी स्वयंसेवी दले एकाच नावाखाली व एकाच घडणीत आणावीत, असा सल्ला केंद्र शासनाने राज्यांना दिला. अशा रीतीने एका प्रांतातील प्रयोग देशभर पसरला. मुंबईचा १९४७ चा कायदा तर दिल्लीलाही लागू करण्यात आला. ‘निष्काम सेवा’ हे या दलाचे ब्रीद आहे.

त्या कायद्याची रचना मोठी समंजस आहे. गृहरक्षकाला पोलिसासारखे अधिकार व संरक्षण मिळते, परंतु ते रीतसर कामावर बोलाविल्यानंतरच. पोलिसांच्या मदतीस असताना तो त्यांच्या अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली राहतो. त्याला नेमणुकीचे प्रमाणपत्र दिले जाते, आणि दल सोडताना प्रमाणपत्र, गणवेश व शस्त्र परत करावे लागते. थोडक्यात, ही सत्ता उसनी आहे. काम संपले की ती जिथली तिथे पोचती झाली पाहिजे. काम नसलेल्या दिवशी तो तुमच्या-आमच्यासारखाच नागरिक असतो. आणि नागरिकाला कायद्याने दिलेला अटकेचा अधिकार फारच थोडा आहे: कोणी आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा केला, किंवा तो घोषित गुन्हेगार असला, तरच त्याला धरता येते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते.

लहान गावात अशा मदतनिसाचे मोल मोठे असते. बदली होऊन आलेल्या फौजदाराला जे कळायला वर्ष लागते, ते त्याला जन्मापासून ठाऊक असते. पुराच्या रात्री कोणत्या घरात एकटी म्हातारी आहे, कोणती गल्ली पुढे बंद होते, यात्रेत चुकलेले मूल कोणाचे असावे, हे तो चटकन सांगतो. परंतु याच जवळिकीची दुसरी बाजूही आहे. गावातील भावकीचे तंटे, जातीचे अंतर, पक्षांची चढाओढ, उधारीची बाकी यांतूनही तो मोकळा नसतो. हातात काठी आणि मनात जुना राग असे एकत्र आले, तर त्याच ओळखीचे भय वाटू लागते. म्हणून प्रशिक्षण, लेखी आज्ञा आणि वरिष्ठांची देखरेख यांना कागदी सोपस्कार समजू नये. शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून वाचविणारी तीच भिंत आहे.

ही भिंत नसली तर काय होते, याचे उदाहरण तामिळनाडूत घडले. १९९३ साली रामनाथपुरम जिल्ह्यात ‘पोलीस मित्र’ ही योजना सुरू झाली. जनता व पोलीस यांत विश्वास वाढावा, हा हेतू निःसंशय चांगला होता आणि योजना पुढे राज्यभर पसरली. परंतु या मित्रांचे अधिकार आणि उत्तरदायित्व ठरविणारी कायद्याची चौकट गृहरक्षकांइतकी भक्कम नव्हती. जून २०२० मध्ये तुतुकुडी जिल्ह्यातील सातानकुळम या लहानशा गावी, टाळेबंदीचा नियम मोडल्याच्या आरोपावरून पकडलेले एक दुकानदार व त्यांचा मुलगा पोलीस कोठडीतील मारहाणीनंतर मृत्यू पावले. त्या प्रकरणात पोलीस मित्रांच्या सहभागाचेही आरोप झाले, आणि जुलै २०२० मध्ये राज्य शासनाने त्यांचा उपयोग करण्यावर बंदी घातली.

छत्तीसगडमधील प्रसंग गावचा नव्हे, अरण्याचा. परंतु त्यातून निघालेले तत्त्व सर्वांना लागू पडते. तेथे आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून, हाती बंदुका देऊन माओवाद्यांविरुद्ध उतरविण्यात आले होते. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा वापर घटनाबाह्य ठरविला. आपत्तीत लोकांना मदत करणे आणि रहदारीची व्यवस्था पाहणे ही कामे मात्र न्यायालयाने त्यांच्याकडे राहू दिली. त्यानंतर राज्याने नवा कायदा करून सहायक सशस्त्र दल उभारले, हेही सांगितले पाहिजे. तरीही न्यायालयाने आखलेली रेषा गावच्या ठाण्यानेही ध्यानी ठेवावी अशी आहे. मदतीच्या कामात नागरिकाला जरूर सामील करून घ्यावे; बळाचे काम पूर्ण शिकलेल्या व पूर्ण जबाबदार धरता येणाऱ्या माणसांकडेच असावे.

आता या शेजाऱ्याच्या बाजूनेही पाहू. आपला व्यवसाय सांभाळून सेवा करावी, अशी मूळ कल्पना. परंतु जेथे व्यवसायच अपुरा, तेथे कामाच्या दिवसांचा भत्ता हाच घरखर्चाचा आधार बनतो, आणि बोलावणे आले नाही की चूल अडते. हिमाचल प्रदेश व अन्य राज्यांतील गृहरक्षकांच्या प्रकरणात ११ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेत कायम करण्याची मागणी मान्य केली नाही. परंतु तीस दिवसांच्या भत्त्याची बेरीज राज्यातील पोलिसाच्या किमान वेतनाइतकी व्हावी, असे सांगितले. निष्काम सेवा म्हणजे उपाशी सेवा नव्हे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

तेव्हा आपला मुलगा वा मुलगी या दलात जाऊ म्हणाली, तर नाक मुरडू नका. मात्र काही गोष्टी तिच्यासह विचारून घ्या. प्रशिक्षण किती दिवसांचे? आज्ञा कोण देणार? भत्ता किती आणि केव्हा मिळणार? कर्तव्यावर इजा झाली तर कोण पाहणार? आणि तिला एवढे अवश्य सांगा, की तोंडी सांगण्यावरून कोणावर हात उगारायचा नाही, तसे सांगणारा कोणीही असो.

घरातील सर्वांनी हेही लक्षात ठेवावे, की अटक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, आणि अटकेचा लेखी पंचनामा साक्षीदाराच्या सहीने झाला पाहिजे. तो मागण्यात उद्धटपणा नाही. गणवेशातील शेजारी प्रामाणिक असेल, तर असा प्रश्न विचारणारा नागरिक त्याला आपला सहकारीच वाटेल.