नाकाचे हाड वाढत नसते

हैदराबादच्या मराठी घरांतून एक वाक्य आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. कोणाला बारमाही सर्दी असते, कोणी रात्री घोरतो, कोणी सकाळी उठतो तो कोरड्या घशाने, मग घरातले एखादे जाणते माणूस निकाल देते, "त्याच्या नाकाचे हाड वाढले आहे." शेजारच्या दखनी बोलणाऱ्या घरातही निदान तेच, "नाक की हड्डी बढ़ गई." दोन भाषांचे इतके एकमत अन्य कोणत्या विषयावर झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तथापि हे वाक्य बहुधा खरे नसते. हाड वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा एका अंगाला कललेला असतो. हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. 'वाढले आहे' असे म्हटले की 'कापले तरी पुन्हा वाढते' ही दुसरी समजूत तिच्या पाठोपाठ घरात शिरते, आणि तिच्यापायी कित्येक माणसे वीस-वीस वर्षे तोंडाने श्वास घेत काढतात.

हा पडदा म्हणजे एकसंध हाड नव्हे. त्याचा पुढचा भाग कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारख्या लवचीक कूर्चेचा असतो. मागे वरच्या अंगाला चाळणीसारख्या हाडाचा पातळ उभा पत्रा, आणि खालच्या अंगाला नांगराच्या फाळासारख्या आकाराचे दुसरे एक हाड. तीन तुकडे जोडून उभारलेली ही भिंत अगदी ओळंब्यात असणे हीच दुर्मीळ गोष्ट. बहुतेक प्रौढ माणसांचा पडदा थोडाफार वाकडा असतो आणि त्यांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो. जन्माच्या वेळचा दाब, वाढीच्या वयात तुकड्यांची कमीअधिक गतीने झालेली वाढ, अथवा लहानपणी झोपाळ्यावरून, जिन्यावरून वा सायकलवरून झालेले पतन, ही त्याची नेहमीची कारणे होत. वाकडेपणा हा रोग नव्हे. त्यामुळे श्वास अडला तर मात्र तो विचारात घ्यावा लागतो.

श्वास नाकानेच का घ्यावा, हे पाहावयाचे असेल तर मलकपेठच्या रेसकोर्सवरचे घोडे पाहावेत. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळापासून येथे शर्यती धावत आल्या आहेत. घोड्याची घडणच अशी आहे की त्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. कितीही धाव घेतली तरी सारी हवा नाकपुड्यांतूनच जावयाची. म्हणून धावत्या घोड्याच्या नाकपुड्या इतक्या फुललेल्या दिसतात. मनुष्याला तोंडाची पळवाट आहे, आणि तीच कधी कधी त्याचा घात करते. नाक दाबले की तोंड उघडते ही म्हण आपण व्यवहारात वापरतो. शरीराच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. पण तोंडातून जाणारी हवा गाळलेली नसते, ओली नसते आणि उबदारही नसते. ती तिन्ही कामे नाकाची. नाकाच्या प्रत्येक बाजूच्या भिंतीवर शिंपल्यासारखी वळलेली तीन तीन मांसल पाळी असतात. हवा त्यांना घासून जाताना ऊब आणि ओलावा घेते, आणि धूळ तेथील चिकट आवरणाला चिकटून राहते. महबूब मॅन्शनच्या बाजारात मिरची आणि कांद्याची पोती उतरताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना नाकाच्या या पहारेकऱ्याची योग्यता वेगळी सांगावयास नको.

या पाळींचा एक स्वभाव मोठा मौजेचा आहे. काही तास एका बाजूच्या पाळी फुगतात आणि दुसऱ्या बाजूच्या आक्रसतात. मग त्यांची पाळी बदलते. (शब्दश्लेष आमचा नाही, भाषेचा आहे.) निरोगी माणसातही एक नाकपुडी अधिक मोकळी आणि एक कमी, हे चक्र दिवसभर चालू असते. पाश्चात्त्य वैद्यकाने याचे वर्णन १८९५ साली केले. आपल्याकडील स्वरशास्त्राने चंद्रस्वर आणि सूर्यस्वर अशी नावे देऊन ही गोष्ट त्याच्या फार पूर्वी टिपून ठेवली होती. त्या शास्त्राने त्यावर रचलेली शुभाशुभाची इमारत आम्ही बाजूला ठेवतो. निरीक्षण मात्र अचूक होते. तात्पर्य, सकाळी डावी आणि दुपारी उजवी नाकपुडी बंद वाटते म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. एकच बाजू महिनोन्‌महिने बंद राहत असेल तर ती गोष्ट निराळी.

तेथेही एक गंमत आहे. पडदा डावीकडे वाकलेला असतो आणि रोगी तक्रार करतो उजव्या नाकपुडीची. डॉक्टर चुकला असे घरच्यांना वाटते. घडते असे की डावी बाजू अरुंद झाली म्हणजे उजवीकडे जागा अधिक राहते, आणि ती रिकामी जागा भरून काढण्यासाठी उजवीकडची खालची पाळी वर्षानुवर्षे जाड होत जाते. डावीकडच्या अडचणीची माणसाला लहानपणापासून सवय झालेली असते. नव्याने आलेली उजवीकडची अडचण तेवढी त्याला जाणवते. म्हणून केवळ पडदा सरळ करून भागत नाही, कित्येकदा त्या पाळीकडेही पाहावे लागते. आणि धुळीची वा परागकणांची ॲलर्जी असेल तर पडदा सुतासारखा सरळ केला तरी शिंका थांबत नाहीत. डोकेदुखी, दमा, घोरणे या सगळ्यांचे खापर पडद्यावर फोडण्याची जी पद्धत पडली आहे ती आम्हाला मान्य नाही. घोरता घोरता झोपेत श्वास थांबत असेल, तर त्याची तपासणी स्वतंत्रपणे व्हावयास हवी. त्याचे मूळ पुष्कळदा घशात असते.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिच्याकडे वळू. मूसारामबागेच्या बाजूला आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब आहे. मुलगी शिकलेली, कमावती. लहानपणी झोपाळ्यावरून पडून तिचे नाक बाहेरूनही किंचित उजवीकडे गेलेले. स्थळे पाहणे सुरू झाले तेव्हा छायाचित्र एकाच बाजूने काढावयाचे असे घरात ठरून गेले. एका स्थळाकडून, फार गोड शब्दांत, निरोप आला की नाक तेवढे सरळ करून घ्या, मग पुढचे पाहू. आईने लगेच डॉक्टर गाठले. डॉक्टरांनी मुलीला विचारले, तुझी तक्रार काय? ती म्हणाली, "मला रात्री झोप लागत नाही. तोंड उघडे राहते, घसा सुकतो, पहाटे तीनला उठून पाणी पिते. बारा वर्षे झाली." आईला हे ठाऊक नव्हते. एका घरात, एका खोलीत झोपणाऱ्या मायलेकींपैकी एकीला नाकाचा बाहेरचा बाक दिसत होता आणि दुसरीला आतला सोसावा लागत होता.

या दोन बाकांसाठी दोन शस्त्रक्रिया आहेत, आणि त्यांची गल्लत हीच सर्वांत अधिक मनस्ताप देते. पडद्याची शस्त्रक्रिया नाकपुडीच्या आतून होते. आवरण उचलून वाकलेली कूर्चा वा हाड मोकळे करतात, थोडे काढतात, उरलेले मध्यावर आणून बसवतात. बाहेर व्रण राहत नाही, आणि सामान्यतः चेहराही बदलत नाही. शतकापूर्वी पडद्याचा मोठा भाग काढूनच टाकीत. त्यामुळे पुढे नाकाचा मधला भाग खचण्याची भीती असे. पुढच्या काळातील शस्त्रवैद्यांनी काढण्यापेक्षा राखण्यावर भर दिला. बाहेरचा आकार बदलणारी शस्त्रक्रिया निराळी, अधिक लांब, अधिक खर्चाची. तिची सूज पुरती उतरावयास वर्षही लागते. नाक बाहेरून बरेच वाकडे असेल तर पडदा आतून एकट्याने सरळ होत नाही, दोन्ही एकत्र करावी लागतात. या मुलीच्या बाबतीत तशी गरज नव्हती. तिने केवळ श्वासापुरती शस्त्रक्रिया करून घेतली. पट्ट्या निघाल्यावर आईने आरशासमोर उभे केले आणि म्हणाली, "अगं, नाक तर होते तसेच आहे!" मुलीचे उत्तर, "आई, मी काल रात्रभर झोपले."

त्या गोड निरोपाच्या स्थळाला तिने स्वतःच नकार कळविला. बाहेरचा बाक काढावयाचा की नाही हे मी माझ्या सवडीने ठरवीन, असे तिचे म्हणणे. आमचे मत विचाराल तर, रूपासाठी शस्त्रक्रिया करून घेण्यात लज्जास्पद काही नाही. वाकड्या नाकाने ज्याचे मन झुरते त्याच्या दुःखाला 'रूपात काय आहे' असे म्हणून उडवून लावणारे लोक स्वतःच्या सुनेचे नाक मात्र चाफेकळी शोधतात. पण ती इच्छा ज्याचे नाक त्याची असावी. वरपक्षाची अट म्हणून कोणी मुलीने टेबलावर आडवे होऊ नये.

नाकाचे रूप आणि नाकाचा श्वास यांची सांगड आपल्या पूर्वजांनी कशी घातली होती, याचा एक पुरावा पुण्याचा आहे. १७९२च्या युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा एक मराठा गडी टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापले गेले. इंग्रजी कागदांत त्याचे नाव 'कावसजी' असे नोंदले आहे. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून वावरला. नंतर पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. हा माणूस वैद्य नव्हे. इंग्रजी मजकूर त्याला विटा करणाऱ्या जातीचा म्हणतो, आपल्याकडे तो कुंभार म्हणून ओळखला जातो. त्याने मेणाचे नाक करून ते कपाळावर चपटे पसरले, त्याची रेघ आखून तेवढी कातडी सोडविली, भुवयांमधला एक पट्टा रक्त खेळते राहावे म्हणून तसाच ठेवला, आणि कातडी खाली वळवून बसविली. जखमेला काताचा लेप, मग तुपात भिजविलेले कापड. दहाव्या दिवशी त्याने दोन्ही नाकपुड्यांत मऊ कापडाच्या चिंध्या सारून त्या उघड्या राहतील अशी तजवीज केली, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधला पट्टा तोडला. मुंबईच्या वैद्यक खात्यातील दोन इंग्रजांनी ही क्रिया पाहिली, जेम्स वेल्स या चित्रकाराने त्या गड्याचे चित्र काढले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तो वृत्तांत छापला गेला. तो वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

आम्हाला यात त्या चिंध्या फार महत्त्वाच्या वाटतात. सुश्रुतानेही गालाच्या कातडीचे नाक बसविताना आत दोन नळ्या ठेवण्यास सांगितले आहे, कशासाठी, तर श्वासासाठी. केवळ चेहऱ्याची अब्रू राखावयाची असती तर नाकपुड्या उघड्या ठेवण्याचा खटाटोप कोणी केला नसता.

लहान मुलांच्या आयांसाठी एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगावयास हवी. मूल नाकावर आपटले, रक्त थांबले, नाक सरळ दिसते, म्हणून निश्चिंत होऊ नये. पडद्याच्या आवरणाखाली रक्त साकळले तर कूर्चेचे पोषण तुटते. कूर्चेला जे मिळते ते त्या आवरणातूनच. पडल्यानंतर दोन्ही नाकपुड्या बंद होणे, दुखणे वाढत जाणे, ताप, आत पडद्यावर मऊ फुगवटा दिसणे, यांपैकी काही आढळले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. साकळलेले रक्त वेळीच काढले नाही तर थोड्याच दिवसांत कूर्चा नासते आणि नाकाचा दांडा खोगिरासारखा बसतो. नाकाचे हाड मोडले असेल तर ते बसविण्याचा काळही सुमारे दोन आठवड्यांचाच, मुलांच्या बाबतीत त्याहून कमी. चादरघाटचा पूल ओलांडला की कोठीला सरकारी कान-नाक-घशाचे रुग्णालय आहे. मलकपेठकरांना दूर जावे लागत नाही.

तसेच नाक मोकळे करणारे थेंब. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेले हे थेंब आठवड्याहून अधिक वापरले की नाक त्यांचे गुलाम होते. थेंब घातल्याखेरीज उघडतच नाही. कित्येकांचे 'वाढलेले हाड' हे खरे तर उशाशी ठेवलेली ही बाटली असते. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे, आपली जलनेती, ही त्याहून निर्धोक. पाणी मात्र उकळून निवविलेले असावे.

शस्त्रक्रिया बहुधा चेहऱ्याची वाढ पुरी झाल्यावर, सोळा-अठराव्या वर्षानंतर करतात. मुलाचा श्वास फारच अडत असेल तर आधीही. तिने खरोखर गुण येतो काय, या प्रश्नाचे उत्तर अलीकडे नीट तपासले गेले. नेदरलँड्समध्ये २०३ प्रौढांवर केलेला अभ्यास २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आणि ब्रिटनमध्ये ३७८ प्रौढांवर केलेला २०२३ साली 'बीएमजे'मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींत शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा शस्त्रक्रिया झालेल्यांना अधिक आराम पडल्याचे दिसले. रक्तस्राव, पडद्याला छिद्र पडणे, थोडा बाक उरणे हे धोके आहेत. ते डॉक्टरांना आधी मोकळेपणी विचारावेत, आणि त्याबरोबर हेही विचारावे की ही क्रिया श्वासाची आहे की रूपाची.

घरी आल्यावर दोन आठवडे नाक शिंकरू नये, जड उचलू नये, शिंक आली तर तोंड उघडून द्यावी. नथ घालावयाची घाई करू नये. चापाची तर मुळीच नको, तिचा दाब सुजलेल्या नाकाला सोसत नाही. आणि त्या पंधरा दिवसांत घरात कोणी सांडगी मिरची तळू नये.